ग्रहांच्या फोटोंसाठी एएसआय४६२ कॅमेरा: दारव्हा तालुक्यातल्या वावरातून

ज्याच्याकडे सहा-आठ इंची दुर्बीण आहे, पण ग्रहामागे आपोआप फिरणारा मोटारवाला स्टँड नाही, त्याने पुढचा पैसा कशात घालावा? आमच्या भागातली कॉलेजची पोरं मला हे नेहमी विचारतात. बहुतेकांचं म्हणणं असतं, आधी मोटार, मग कॅमेरा. माझं मत उलटं आहे. आधी कॅमेरा घ्या, आणि तो झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआय४६२एमसी मिळाला तर फार चांगलं. गेले दोन मोसम मी तो गुरू, शनी, मंगळ आणि चंद्रावर वापरतोय. खाली जे लिहितोय ते आमच्या वावरात उभं राहून केलेलं आणि पाहिलेलं आहे.

माझं दारव्ह्याला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पंपाच्या मोटारी, मिक्सर, पंखे, जळून येईल ते दुरुस्त करतो. गाव दिग्रस रस्त्याला. दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे २०० मिलिमीटरचा आरसा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतर, लाकडी पेटीवर बसवलेली, हाताने ढकलायची. कॅमेरा वापरलेला घेतला, पुण्याच्या एका हौशी निरीक्षकाकडून. त्यांनी पुढचं मॉडेल घेतलं होतं.

कॅमेरा लाल रंगाचा, पेढ्याच्या लहान डब्याएवढा, वजनाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. आत सोनीचा आयएमएक्स४६२ सेन्सर: १९३६ गुणिले १०९६ पिक्सेल, एकेक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. म्हणजे जेमतेम २१ लाख पिक्सेल. मोबाइलवर पन्नास मेगापिक्सेल वाचायची सवय झालेल्याला हे फारच कमी वाटतं. पण हिशेब करून पाहा. माझ्या दुर्बिणीला दुप्पट बार्लो, म्हणजे प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग, लावली की एका पिक्सेलवर आकाशाचा पाव आर्कसेकंद येतो (एका अंशात ३६०० आर्कसेकंद). जानेवारीत गुरू ४६ आर्कसेकंदांच्या आसपास होता, म्हणजे पडद्यावर साधारण १८५ पिक्सेल रुंद. बाकी सगळी चौकट काळीच. जास्त पिक्सेल घेऊन तो काळोखच साठवायचा. ग्रहांना लागतो वेग, आणि वेगात हा कॅमेरा खरा आहे.

वेग कशाला, ते सांगतो. दुर्बिणीतून गुरू मोठा करून पाहिला की तो सतत थरथरतो, कड उकळल्यासारखी दिसते. वाहत्या पाटाच्या तळाशी पडलेला खडा पाहावा तसं ते असतं: पाणी क्षणभर संथ झालं की खडा स्वच्छ, पुढच्या क्षणी वेडावाकडा. हवेतला असा संथ क्षण सेकंदाच्या लहानशा तुकड्याएवढा असतो. तो हाती लागावा म्हणून व्हिडिओ काढायचा, हजारो फ्रेम जमवायच्या, त्यातल्या चांगल्या तेवढ्या निवडून एकावर एक रचायच्या. एएसआय४६२ पूर्ण चौकटीत सेकंदाला १३६ फ्रेम देतो. मी गुरूला पाच ते सात मिलिसेकंदांचं एक्स्पोजर ठेवतो. गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते, जास्त ठेवला तरी सेन्सरचा स्वतःचा गोंधळ (नॉइज, चित्रातले दाणे) इतका कमी आहे की रचल्यावर तो उरत नाही.

आता बिनमोटारीची गोष्ट. पृथ्वी फिरते म्हणून ग्रह चौकटीत थांबत नाही. सेकंदाला १४-१५ आर्कसेकंद सरकतो. माझ्या जोडणीत ते सेकंदाला छप्पन्न-साठ पिक्सेल होतात. चौकटीची लांब बाजू गुरू अर्ध्या मिनिटात पार करतो. पुष्कळांना हे अर्धं मिनिट फार कमी वाटतं आणि ते कॅमेऱ्याचा विचार तिथेच सोडून देतात. पण अर्ध्या मिनिटात चार हजार फ्रेम होतात! ग्रहाला चौकटीच्या कडेला आणून ठेवायचा, हात काढायचा, पेटीचं डगमगणं थांबू द्यायचं आणि लॅपटॉपवरच्या फायरकॅप्चर या प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंग सुरू करायचं. ग्रह दुसऱ्या कडेला गेला की थांबवायचं, पुन्हा ढकलायचं. असे तीन-चार तुकडे सलग घेतले की पीआयपीपी नावाचा फुकट प्रोग्राम प्रत्येक फ्रेममधला ग्रह मधोमध आणून सगळे तुकडे जोडून देतो. कॅमेरा फक्त असा फिरवून बसवायचा की ग्रह लांब बाजूला समांतर सरकला पाहिजे. तसं झालं की चौकटीची उंची कापून ४०० ओळींवर आणता येते. नाहीतर पूर्ण चौकट ८ बिटमध्ये सेकंदाला तीनशे एमबीच्या जवळ जाते, अर्ध्या मिनिटाला आठ-नऊ जीबी. कापल्यावर तेच तीन जीबीच्या आसपास येतं. लॅपटॉपला यूएसबी ३ आणि एसएसडी मात्र हवीच. जुनी फिरती हार्डडिस्क हा वेग पेलत नाही, फ्रेम गळतात.

एकूण रेकॉर्डिंग तीन मिनिटांच्या पुढे नेत नाही. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेतो, त्यामुळे त्याच्या मधल्या भागातले डाग माझ्या चौकटीत मिनिटाला साधारण एक पिक्सेल सरकतात. तीन मिनिटांनंतर त्याच डागाची कड पसरायला लागते. मोटारवाल्या स्टँडलासुद्धा हीच मर्यादा आहे. मोटार आधी घ्या म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो: मोटारीने तीन मिनिटं आरामात जातील, पण तीन मिनिटांची सहा होणार नाहीत.

आपल्या भागाला एक गोष्ट आयतीच मिळालेली आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. यवतमाळ जिल्हा साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. ग्रह ज्या पट्ट्यातून फिरतात तो आपल्याकडे नेहमी बऱ्यापैकी उंच असतो. २०१९ मध्ये गुरू पार दक्षिणेला गेला होता. लंडनहून तो क्षितिजावर १६ अंशांच्या आसपास चढायचा, आपल्याकडे ४७. इतक्या खालून येणारा प्रकाश जाड हवेतून तिरका येतो, त्यात ग्रहाच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी झाक फाकते, आणि ती सुधारायला वेगळं लोलकांचं साधन घ्यावं लागतं. इंग्लंडचे डेमियन पीच, ग्रहांच्या फोटोंत ज्यांचं नाव जगभर घेतलं जातं, ते यासाठी बार्बाडोस बेटावर जाऊन फोटो काढत. फिलिपाइन्समधल्या सेबूचे ख्रिस्तोफर गो यांना ती गरजच नव्हती. गुरूवरचा ओव्हल बीए हा पांढरा डाग लाल झाल्याचं २००६ मध्ये त्यांनीच आधी टिपलं. आपण सेबूइतके विषुववृत्ताजवळ नाही, पण लंडनपेक्षा कितीतरी बरे आहोत. रंग सुधारायचं ते साधन मी अजून घेतलेलं नाही आणि ग्रह पन्नास अंशांच्या वर असताना मला त्याची उणीव जाणवलेली नाही.

यंदा १० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर होता, मिथुन राशीत, आणि मध्यरात्री आमच्या गावात अगदी डोक्यावर यायचा. डॉब्सोनियनला बरोबर डोक्यावरची जागा अडचणीची. नळी उभी झाली की ती बाजूला ढकलायला जोर मिळत नाही, नुसती पेटी गोल फिरत राहते आणि ग्रह सापडत नाही. त्यामुळे गुरू साठ-सत्तर अंशांवर असताना, म्हणजे डोक्यावर यायच्या दीड-दोन तास आधी नाहीतर तेवढाच वेळ नंतर, रेकॉर्डिंग करायचं. तिथे हवाही पातळ आणि ढकलणंही जमतं.

जागेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कॅमेऱ्याला नावं ठेवणारे निम्मे लोक स्लॅबवर उभं राहून फोटो काढतात. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. टिनाचं छप्पर लवकर थंड होतं, पण शेजारच्या चार घरांच्या चुली आणि भिंती असतातच. गावातल्या दिव्यांचा ग्रहांना त्रास नाही, ग्रह चांगले तेजस्वी असतात. त्रास गरम हवेचा. मी दुर्बीण बंडीवर टाकून वावरात नेतो आणि धुऱ्याच्या कडेला, हरभऱ्याच्या बाजूने ठेवतो. ओलित झालेल्या हरभऱ्यावरून येणारी हवा शांत असते. त्याचा तोटा म्हणजे दव. नळीच्या तोंडाला काळ्या फोमचा लांब गळपट्टा गुंडाळला की आतला लहान आरसा बराच वेळ कोरडा राहतो. पऱ्हाटी जाळायचे दिवस असले आणि धूर शेजारी असला तर त्या रात्री काही उघडायचंच नाही. आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली, आकाश काचेसारखं स्वच्छ, तारे लुकलुकताहेत, अशी रात्र दिसायला सुंदर पण ग्रहांना वाईट. वारा पडलेला, हवा थोडी धुकट, तारे स्थिर, अशा रात्री माझे सगळ्यात चांगले फोटो निघाले आहेत.

विजेची व्यवस्था फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीवर होते. फवारणीचा मोसम संपला की ती रिकामीच पडून असते. तिच्यावर आरशामागचा एक लहान पंखा चालतो, आरसा लवकर थंड व्हावा म्हणून, आणि फोकसरला मी बसवलेली बारीक गिअरवाली डीसी मोटार. हाताने फोकस फिरवला की एवढ्या मोठ्या प्रतिमेवर चित्र दोन-तीन सेकंद नाचतं. मोटारीने ते पार थांबलं. ही मोटार दुकानातल्या भंगारातूनही होते, आणि दुर्बिणीला पहिली मोटार बसवायची तर ती इथे बसवा. कॅमेऱ्याला वेगळी वीज लागत नाही, लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो.

जानेवारीतल्या एका रात्री शेजारच्या वावरात आबाजी ओलित करत होते. शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, आणि रोह्यांचाही उपद्रव, म्हणून ते जागेच होते. दांड धरता धरता लॅपटॉपचा उजेड पाहून इकडे आले.

“काय गा, एवढ्या रात्री काय पाहून रायला?”

“गुरू हाय आबाजी. या, पाहा.”

ते थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. “हे तं नुसतं थरथरून रायलं.”

मी तिथेच पहिला तुकडा फ्रेम निवडून रचणाऱ्या ऑटोस्टॅकर्ट प्रोग्राममध्ये टाकला. दोन-तीन मिनिटांनी रचलेलं चित्र आलं, अजून मऊ, धूसर, पण स्थिर. ते धार वाढवणाऱ्या रजिस्टॅक्स प्रोग्राममध्ये उघडून दुसरी पट्टी हळूहळू उजवीकडे सरकवली. आधी दोन जाड तपकिरी पट्टे उठले. मग त्यांच्या कडेचे हुकासारखे वळलेले निळसर धागे. मग खालच्या पट्ट्याच्या खोलगट जागेत बसलेला नारिंगी डाग. आबाजी वाकून पुढे झाले. “आन हा डाग काय हाय?” मी सांगितलं, वादळ आहे, आपल्या अख्ख्या पृथ्वीहून मोठं, आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ माणसं ते सलग पाहताहेत. “दीडशे वर्सं थांबलं नाही?” ते म्हणाले, आणि तेवढ्यात तिकडे दांड फुटल्याचा आवाज आला म्हणून फावडं घेऊन पळाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फोटो मोबाइलवर मागून घेतला.

ऑटोस्टॅकर्ट हा नेदरलँड्सच्या एमिल क्राइकाम्प यांचा प्रोग्राम, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. फुकट मिळतो. व्हिडिओ उघडून ॲनलाइझ दाबलं की प्रत्येक फ्रेमची प्रत ठरवतो आणि चांगल्यापासून वाईटापर्यंत उतरती रेघ काढून दाखवतो. ती रेघ वाचायला शिका. सुरुवातीला उंच राहून मग एकदम पडत असेल तर हवा मधूनमधूनच चांगली होती. वरच्या दहा टक्के फ्रेम पुरे. रेघ हळू उतरत असेल तर तीस-चाळीस टक्के घ्यायला हरकत नाही. मग ग्रहावर संरेखनाचे लहान चौकोन पसरायचे. हवा ग्रहाचा प्रत्येक कोपरा वेगळ्या दिशेला ओढत असते, म्हणून प्रोग्राम एकेक चौकोन वेगळा जुळवतो. चौकोन फार बारीक केले तर तो गोंधळाच्या दाण्यांनाच तपशील समजून जुळवतो आणि ग्रहावर ठिगळं दिसतात. वाईट रात्री चौकोन मोठे ठेवायचे.

रजिस्टॅक्स ६ हे कोर बेरेव्होट्स यांचं काम, तेही फुकट. त्यात वेव्हलेटच्या, म्हणजे तपशील उठवायच्या, सहा पट्ट्या आहेत, पहिली सगळ्यात बारीक तपशिलाची, पुढच्या जाड जाड. नवीन माणूस सहाही पट्ट्या टोकापर्यंत ओढतो. मग ग्रहाच्या कडेला आत एक पांढरी आणि एक काळी रेघ उमटते, पट्टे प्लास्टिकसारखे दिसतात. त्या रेघा गुरूवर नसतात. मी दुसरी आणि तिसरी पट्टी वापरतो, पहिलीला अगदी थोडं, आणि सोबतचा डीनॉइज चालू ठेवतो. रात्री केलेलं चित्र सकाळी पुन्हा पाहतो. रात्रीचे डोळे अंधाराला सरावलेले असतात, तेव्हा सगळंच कमी धारदार भासतं. शेवटी रंगांचे तीन थर एकमेकांवर सरकवून बसवायचे. विनजुपॉस नावाच्या प्रोग्राममध्ये ग्रहाचं फिरणं उलटं फिरवून अनेक तुकडे जोडता येतात, पण ते जमायला घड्याळ अचूक लागतं आणि धीरही. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

कॅमेऱ्याच्या उण्या बाजू आहेत. सेन्सरपुढची काच साधी, अवरक्त प्रकाश न अडवणारी. त्यामुळे रंगीत फोटोसाठी यूव्ही-आयआर कट, म्हणजे अतिनील आणि अवरक्त प्रकाश अडवणारा, फिल्टर वेगळा घ्यावाच लागतो. तो नसेल तर गुरू गुलाबी-पांढुरका येतो. हा खर्च किमतीत धरा. दुसरं, सेन्सर इतका लहान की दुप्पट बार्लोवर ग्रह चौकटीत आणणं हीच एक कला होऊन बसते. फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसाउजेडी लांबच्या विजेच्या खांबावर नीट जुळवून ठेवलात तर पंधरा सेकंदांत सापडतो, नाहीतर अर्धा तास जातो. तिसरं, पिक्सेलची प्रकाश साठवायची क्षमता थोडी. चंद्राची उजळ विवरं आणि कडेची सावली एकाच फ्रेममध्ये सांभाळताना ते जाणवतं. पुढचा एएसआय६६२ तिथे बरा आहे, पिक्सेल तेवढेच पण साठा जास्त. नवीन घेणार असाल आणि चंद्रच जास्त काढायचा असेल तर तोच घ्या.

मग ४६२ चं खास काय? लाल रंगाच्या पलीकडे, अवरक्तात, हा सेन्सर असामान्य संवेदनशील आहे. अवरक्तात हवेचं थरथरणं कमी जाणवतं, त्यामुळे बरी नसलेली रात्रही कामी येते. साधारण ८२० नॅनोमीटरच्या पुढे सेन्सरवरचे रंगीत फिल्टर तिन्ही सारखेच पारदर्शक होतात आणि रंगीत कॅमेरा कृष्णधवल कॅमेऱ्यासारखा वागतो. ८८९ नॅनोमीटरचा मिथेन फिल्टर लावला तर गुरूवरचे उंच ढग उजळ आणि खोलचे काळे दिसतात. तांबडा डाग तिथे पांढराशुभ्र येतो. तो फिल्टर महाग आहे आणि आठ इंचाला प्रकाश कमी पडतो. मी अजून घेतलेला नाही, पण कॅमेरा निवडताना ही वाट मोकळी राहिली म्हणून मला समाधान आहे.

शनीबद्दल वेगळं सांगतो. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी पृथ्वीला अगदी आडवी होती आणि सप्टेंबरच्या प्रतियुतीतही ती रेघेसारखीच दिसत होती. तेव्हाचे माझे फोटो पाहून कोणी कॅमेऱ्याला दोष देऊ नये. आता कडी उघडताहेत. ४ ऑक्टोबर २०२६ ची प्रतियुती आपल्याकडे सत्तर अंशांच्या आसपास उंचीवर येईल, आणि पाऊस वेळेत परतला तर सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात दुर्बीण मांडता येईल. शनी गुरूपेक्षा खूप मंद असतो, एक्स्पोजर पंधरा-वीस मिलिसेकंदांपर्यंत न्यावं लागतं, पण तो पाच-सहा मिनिटं सलग रेकॉर्ड केला तरी चालतो.

वापरलेला कॅमेरा घेत असाल तर पैसे देण्याआधी एवढं पाहा. दिवसा कॅमेऱ्याचं झाकण काढून पांढऱ्या भिंतीसमोर धरा, पडद्यावर गोल काळे ठिपके दिसले तर काचेवर धूळ आहे. ती पुसता येते, सेन्सरवरची नाही. यूएसबीचं तोंड हलकेच हलवून पाहा, चित्र तुटता कामा नये. पूर्ण वेगात दहा मिनिटं चालवून गळलेल्या फ्रेमचा आकडा वाचा. आणि कॅमेऱ्यासोबत आलेलीच केबल घ्या. बाजारातली लांब स्वस्त केबल मला एकदा ऐन रेकॉर्डिंगमध्ये दगा देऊन गेली आहे. यूव्ही-आयआर फिल्टर विकणाऱ्याकडे असेल तर तोही त्याच व्यवहारात मागून घ्या.